कव्हरला स्क्रू कुणी लावले?

गाडीला पोट असतं, हे बहुतेक गाडीवाल्यांना ते घासल्यावरच कळतं. तोवर गाडी म्हणजे रंग, काचा, गाणी आणि फार तर टायर. मग एके दिवशी एखाद्या उंच गतिरोधकावर खालून ‘खर्रर्र’ असा आवाज येतो, काहीतरी रस्त्यावर फरफटायला लागतं, मागचे लोक हॉर्न वाजवून हातवारे करतात, आणि साहेब गाडी बाजूला घेऊन जन्मात पहिल्यांदा वाकून खाली बघतात. खाली काळ्या प्लास्टिकचं भलंमोठं कव्हर लोंबत असतं. इंजिनाला खालून दगड, चिखल, पाणी लागू नये म्हणून ते असतं, पण साहेबांना हे कोण सांगणार? साहेब कुठूनतरी सुतळी पैदा करतात, कव्हर कसंबसं बांधतात आणि गॅरेजच्या गल्लीत येऊन विचारतात, "इथे ते खालचं बघणारं कुणी आहे का?"

"खालचे काका? ते काय, ते पाय दिसतायत ना, तेच."

खालच्या काकांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या पायांशी बोलायचं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. चहावाला पायांपाशी चहा ठेवून जायचा. गिऱ्हाईक पायांकडे बघून तक्रार सांगायचं. काका खालूनच ‘हं’ म्हणायचे. काही लोक उगाच मोठ्याने बोलायचे, जणू काका विहिरीत पडलेत.

या कामात ते हौसेने आले नव्हते. तरुणपणी एका मोठ्या गॅरेजात इंजिनाचं काम शिकायला गेले, तेव्हा अंगाने काडी होते. तिथे रॅम्प नव्हता, आणि जॅकवर चढवलेल्या गाडीखाली सहज मावेल असा दुसरा कुणी नव्हता. मालक म्हणाला, "जा रे, खाली शिर." शिरले ते शिरलेच. वर बाकीचे लोक इंजिन उघडून मोठमोठ्या चर्चा करत, एकमेकांच्या चुका काढत, मालकाच्या शिव्या खात. खाली सावली होती, गारवा होता आणि डोकं खायला कुणी नव्हतं. काकांच्या मनाने तेव्हाच घेतलं की आपली जागा हीच. पुढे स्वतःची शेड झाली, रॅम्प आला, उभ्याने काम करायची सोय झाली, तरी छोट्या कामाला ते आडवेच व्हायचे. आता पोट सुटलं होतं, म्हणून गाडी जरा जास्त वर घ्यावी लागायची, इतकंच.

शेड म्हणजे तीन भिंती, पुढे शटर आणि वर पत्रा. एका भिंतीला लांब टेबल. त्यावर गरम हवेचं पिस्तूल, सोल्डरची सळई, बारीक तारेची जाळी, कानशी. खाली खणात क्लिपा, औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत जातवार भरलेल्या. मागच्या कोपऱ्यात मेलेल्या बंपरांचा आणि फाटक्या कव्हरांचा ढीग. हा ढीग वाढत वाढत घरच्या मागच्या अंगणापर्यंत पोचला होता, कारण घर शेडला लागूनच होतं. त्यावरून काकू रोज एकदा तरी बोलायच्या. काका रोज ऐकून घ्यायचे. ढीग जागचा हलायचा नाही.

कारण प्लास्टिकला प्लास्टिक तेच लागतं. ऐऱ्यागैऱ्या प्लास्टिकचा तुकडा लावला तर तो वितळतो, बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्याच खड्ड्यात खपली पडावी तसा पडतो. म्हणून काका आधी ढिगातला तुकडा घ्यायचे, सळईचं टोक टेकवायचे, धूर कसा येतो आणि वास कसा येतो बघायचे. जुळला तर ठीक, नाहीतर दुसरा. मग कव्हर धुवायचं, वाळवायचं. चीर जिथे संपते तिथे ड्रिलने एक बारीक भोक पाडायचं. गिऱ्हाईक ओरडायचं, "अहो काका, फाटलंय म्हणून आणलं आणि तुम्ही आणखी भोकं पाडताय!" पण त्या भोकापाशी येऊन चीर थांबते, पुढे पळत नाही. मग चिरेला खाच द्यायची, मागून जाळी बसवायची, पुढून त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवून भरायची. गार झालं की हाताने वाकवून बघायचं. काका वाकवायचे तेव्हा आपलं कव्हर आता मोडतंच असं वाटून गिऱ्हाईक डोळे मिटून घ्यायचं.

एरवी काका शांत माणूस. पण एका गोष्टीवर त्यांचं डोकं फिरायचं. कव्हर गाडीला प्लास्टिकच्या क्लिपांनी धरलेलं असतं, आणि क्लिपा तुटतात. तुटल्या की लोक वैतागतात, आणि कुठलातरी दीडशहाणा त्यांच्या जागी लोखंडी स्क्रू पिळून देतो. असं कव्हर हाती आलं की काका रॅम्पखालून बाहेर यायचे, हात पुसायचे आणि समोर जो असेल त्याला सुनवायचे.

"स्क्रू कुणी लावले? अहो, क्लिप तुटायलाच असते! दगड लागला, क्लिप तुटली, कव्हर सुटलं, वाचलं. स्क्रू लावला की तो काही सोडत नाही. मग कव्हर फाटतं, ज्याला ते लावलंय तो पत्रा वाकतो. क्लिप मिळते चिल्लर पैशांत. कव्हर मिळतं का?"

चहावाल्याला हे भाषण तोंडपाठ होतं. काकांच्या पाठीमागे उभा राहून तो ओठ हलवायचा.

तर अशा माणसाने स्वतःच्या मुलीच्या गाडीला स्क्रू लावले.

झालं असं. काकांना एकुलती एक लेक. नर्सिंग शिकली, दवाखान्यात काही वर्षं काढली, आणि मग तिला हवं होतं ते काम चालून आलं. गावाबाहेर विखुरलेल्या घरांत म्हातारी, आजारी माणसं असतात, त्यांच्याकडे जाऊन जखमा धुवायच्या, पट्टी बदलायची, इंजेक्शन द्यायचं, साखर तपासायची. एक ठरलेली फेरी, रोज तीच घरं. तिला हे फार आवडायचं. दवाखान्यात पेशंट येतो आणि जातो, इथे माणूस कळतो, म्हणायची. अट एकच, गाडी स्वतःची हवी. आणि त्या फेरीचे रस्ते म्हणजे खडी, खड्डे आणि मध्ये एके ठिकाणी बारा महिने साचलेलं पाणी.

काकांनी एक जुनी गाडी शोधून काढली. इंजिन शेजारच्या मेकॅनिककडून ठाकठीक करून घेतलं, आणि पोट स्वतः घेतलं. कव्हर काढून धुतलं, दोन जुन्या चिरा भरल्या, कडा घासल्या. इतकं निगुतीने केलं की काळ्या प्लास्टिकवर हात फिरवताना जोड लागत नव्हता. मग ते बसवायला गेले, एक क्लिप दाबली, ‘टक्’ झालं, आणि त्यांच्या मनात आलं, एवढीशी क्लिप. तिकडे रस्ता असा. पोरगी एकटी. कव्हर सुटलं, लोंबलं, चाकात गेलं तर? आसपास ना माणूस ना दुकान. त्यांनी ती क्लिप उपसून काढली. स्क्रू घेतले, चांगले जाड, रुंद वायसर घातलेले, आणि कडेकडेने सगळीकडे पिळले. पिळताना आपण काय करतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून तर शेडचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

शनिवारी लेक फेरीच्या सरावाला निघाली. कामाचा खरा पहिला दिवस सोमवारी होता. शनिवारी नुसती घरं बघून यायची, लोकांना भेटायचं. फेऱ्या ठरवणाऱ्या बाईंनी तसं सांगितलं होतं.

निम्मी घरं छान झाली. मग एका ठिकाणी रस्ता खणून ठेवलेला होता. चराच्या कडेला मातीचा उंचवटा. लेकीने गाडी हळू घातली, खालून घासल्याचा आवाज आला, म्हणून तिने शहाण्या माणसासारखी गाडी मागे घेतली. तिथेच घोळ झाला. कव्हरची पुढची कड फावड्यासारखी मातीत रुतली. क्लिपा असत्या तर टकाटक तुटून कव्हर पुढून मोकळं झालं असतं. स्क्रू होते, ते बापासारखेच हट्टी. सुटले नाहीत. कव्हर मधोमध उभं फाटलं, ज्या पट्टीला ते लावलं होतं ती वाकली, आणि एक बाजू दुमडून चाकाला जाऊन घट्ट बसली. गाडी पुढेही जाईना आणि मागेही येईना.

येणाऱ्याजाणाऱ्यांनी निरोप दिल्यावर बऱ्याच वेळाने एक मेकॅनिक आला. त्याने आडवं होऊन खाली बघितलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "हे स्क्रू कुठल्या गाढवाने लावले?"

लेकीने काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

त्याने दुमडलेला भाग कापून काढला, उरलेलंही सोडवलं, आणि म्हणाला, "टाकून द्या ताई हे. याची काही गरज नसते. निम्म्या गाड्यांना खाली काही नसतं." असं म्हणून तो गेला. गरज नसते हे खोटं होतं. पुढच्या घरांच्या वाटेवर त्या साचलेल्या पाण्यातून जाताना, खाली कव्हर नसल्यामुळे सगळं पाणी सरळ इंजिनाच्या पट्ट्यावर उडालं. पट्टा भिजून घसरायला लागला, किंचाळायला लागला, स्टिअरिंग जड झालं आणि गाडी बंद पडली. पट्टा सुकेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. शेवटची दोन घरं राहून गेली. बाईंना फोन केला तेव्हा त्या रागावल्या नाहीत, पण सरळ बोलल्या. "माणसं वाट बघत असतात गं. गाडीची खात्री नसेल तर सोमवारी मी ही फेरी दुसऱ्या मुलीला देते. ती तयारच आहे. तू उद्यापर्यंत सांग मला."

संध्याकाळी लेक घरी आली, तोंड उतरलेलं. काकूंनी पाणी दिलं. काका दारातूनच गाडीकडे बघत होते. खालून ती बोडकी दिसत होती, म्हणजे त्यांच्यासारख्याला दिसत होती.

लेकीने घडलेलं सगळं सांगितलं. रस्ता, चर, पाणी, बाई. फक्त एक गोष्ट तेवढी वगळली. मग चहाचा कप खाली ठेवताना म्हणाली, "तो मेकॅनिक विचारत होता, स्क्रू कुणी लावले."

काकू शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांचा पाय थांबला.

"मग?" काका म्हणाले.

"म्हटलं, जुनी गाडी आहे, माहीत नाही."

काकांना वाटलं, त्या मेकॅनिकने आपल्याला समोर उभं करून चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आयुष्यभर ज्याच्यावर भाषणं ठोकली तेच करून बसलो, आणि पोरीने बाहेर आपलं नाक कापू दिलं नाही. त्यांना फार लाज वाटली, आणि त्या लाजेतसुद्धा लेकीचं कौतुक वाटलं.

"मी लावले," ते म्हणाले.

"माहितेय बाबा."

"सुटून चाकात जाऊ नये म्हणून."

"आणि गेलं कुठे?" काकूंनी विचारलं. "चाकातच ना?"

काकांनी विषय बदलला. म्हणाले, "नवीन तर या मॉडेलचं आता मिळत नाही. आणि तू ते जुनं टाकून आली असशील."

लेक उठली आणि गाडीची डिकी उघडून दाखवली. आत कव्हरचे तुकडे होते. मोठे, छोटे, चिखलाने माखलेले, बोटाएवढ्या कपच्यासुद्धा. मेकॅनिक गेल्यावर तिने रस्त्यावर वाकून वाकून सगळे गोळा केले होते. फक्त उजव्या बाजूचा एक मोठा तुकडा तिला मिळाला नव्हता, कारण त्याच्यावरून ट्रक गेला होता.

"तो टाका म्हणाला होता ना?" काकांनी विचारलं.

"म्हणाला होता. पण तुम्ही इतके दिवस त्याच्यावर खपला होतात."

काका तुकडे एकेक करून टेबलाकडे न्यायला लागले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि चिखलाने भरलेल्या हातांनी ते पुसता येत नव्हते.

रविवारी गल्ली बंद असते. काकांनी सकाळीच शेड उघडली, टेबलावर तुकडे मांडले. डावी बाजू बरीचशी धड होती. उजवीकडचे तुकडे जुळवले तर मध्ये मोठं भगदाड. ढिगात उपसाउपस करून त्यांनी जुळणाऱ्या जातीचा एक बंपर काढला. सळई टेकवली, धूर बघितला, वास घेतला, मान हलवली. प्लास्टिक मिळालं. पण आकार? तिथे कव्हर नुसतं सपाट नव्हतं. एका बाजूला वळत होतं, एका ठिकाणी खोल जात होतं, कडेला भोकं होती. काकांनी अंदाजाने खडूने रेघ मारली, पुसली, परत मारली. आयुष्यभर त्यांनी फाटलेलं जोडलं होतं. नसलेलं बनवायची वेळ कधी आली नव्हती. आणि बंपर एकच होता. चुकीचं कापलं की संपलं.

काकू चहा घेऊन आल्या. उभ्या राहून जरा वेळ बघत राहिल्या.

"डावी बाही आहे ना?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"डावी बाही धड आहे. मग उजवी कापायला एवढं काय?"

"अगं, ही बाही नाहीये."

"तुम्हाला नाहीये. मला आहे." काकू घरात जाऊन कात्री, टाचण्या आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या. डाव्या बाजूवर त्यांनी कागद पसरला, बोटांनी दाबत दाबत कडा उमटवल्या, जिथे प्लास्टिक खोल जात होतं तिथे कागदाला चुण्या घातल्या आणि टाचणी मारली. काका बघत राहिले. एवढी वर्षं संसार केला, पण ही बाई काम करताना आपण कधी नीट बघितलंच नाही, असं त्यांना वाटलं. ती यंत्रावर आणि आपण गाडीखाली.

कागद तयार झाला. काकांनी तो उचलून बंपरवर ठेवला आणि खडू घेतला.

"अहो! उलटा करा!"

"बरोबर आहे. मी खालून बघतोय."

"खालून बघा नाहीतर झाडावर चढून बघा. डाव्या बाहीवरून काढलेला कागद पालथा घातल्याशिवाय उजवी होत नाही. तसाच ठेवलात तर दोन डाव्या होतील."

"गाडीखाली झोपलं की डावं-उजवं बदलतं."

"मग झोपा."

काका खरोखरच जमिनीवर झोपले. कव्हर छातीवर धरलं, कागद त्याला लावून बघितला, एकदा असा, एकदा तसा. लेक दारात उभी राहून हसू दाबत होती. बराच वेळ काका तसेच पडून होते. मग खालून आवाज आला, "हं."

काकूंना एवढं पुरलं. एवढ्या वर्षांत त्यांना त्या ‘हं’ची सगळी भाषांतरं येत होती. हे ‘तुझं बरोबर आहे’ होतं, आणि ते फार दुर्मिळ होतं.

कागद पालथा घालून तुकडा कापला. गरम हवेने मऊ करून काकांनी त्याला वळण दिलं, आणि चुण्या होत्या तिथे काकू बोट दाखवत गेल्या. "इथे थोडं आत घ्या. आणखी. आता सोडा." तुकडा भगदाडात बसला. अगदी हुबेहूब नाही, एका कडेला फट राहिली, पण बसला. मग काकांचं नेहमीचं काम सुरू झालं. प्रत्येक चिरेच्या टोकाला भोक, खाच, जाळी, पट्टी. तेल सोडायच्या जागेची खिडकी मोकळी ठेवली, पाणी वाहून जायची भोकं बुजू दिली नाहीत. गाडीची वाकलेली लोखंडी पट्टी त्यांनी ठोकून सरळ केली. दुपारचं जेवण लेकीने शेडमध्येच आणलं. तिघं टेबलाच्या कडेला उभ्याने जेवली, आणि काकूंनी ढिगाकडे बघून म्हटलं, "बरा उपयोग झाला हो त्या कचऱ्याचा." काकांनी ते ऐकून ऐकलं नाही असं केलं. असला विजय बोलून दाखवायचा नसतो, एवढं त्यांना कळत होतं.

ऊन उतरायच्या आत कव्हर तयार झालं. दिसायला गोधडी. काकांनी ते दोन्ही हातांनी वाकवलं. या वेळी डोळे मिटायची पाळी त्यांच्यावर आली. काही मोडलं नाही.

गाडी रॅम्पवर चढवली. काकांनी क्लिपांची बाटली काढली. लेक म्हणाली, "मी लावते."

"तू कशाला? कपडे खराब होतील."

"रस्त्यावर सुटलं तर तुम्ही असणार आहात का तिथे?"

रॅम्पवर उभ्याने लावणं तिने नाकारलं. रस्त्यावर रॅम्प कुठून येणार, म्हणाली. गाडी खाली घेतली, पुढून जॅक आणि स्टँड लावले, आणि ती खाली शिरली. काकांना बाहेर उकिडवं बसून बघणं काही जमेना. "आधी मधली. नाही, मधली. भोक जुळव. अंगठ्याने दाब." खालून लेकीचा आवाज आला, "बाबा, दिसतंय मला." पहिली क्लिप तिने दोनदा पाडली, तिसऱ्यांदा ‘टक्’ झालं. मग पुढच्या पटापट बसत गेल्या.

मागच्या दोन जागा राहिल्या तेव्हा काकांचा हात हळूच खिशात गेला. जित्याची खोड. तिथे दोन स्क्रू होते, जाड, रुंद वायसरचे. फक्त मागे लावले तर? पुढे क्लिपाच राहतील. मागे कुठे काही अडकतं? कुणाला कळणारही नाही. ते लेकीला म्हणणार होते, "तू ये बाहेर, शेवटचं मी बघतो." तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांसमोर एक तळहात आला. काकूंचा.

"द्या इकडे."

"काय?"

"खिशात आहे ते."

काकांनी दिले. काकूंनी ते पदराच्या टोकात बांधले आणि घरात निघून गेल्या. शेवटच्या दोन क्लिपा लेकीने बसवल्या, बाहेर आली आणि बाटलीतून मूठभर क्लिपा घेऊन आपल्या मलमपट्टीच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकल्या. मग तिने बाईंना फोन केला आणि सांगितलं, येते म्हणून. फेरी माझीच ठेवा.

सोमवारी ती गेली. काकांनी शेडमध्ये एक गाडी घेतली, खाली शिरले, पण काम पुढे सरकेना. चहावाला चहा ठेवून गेला, तो तसाच गार झाला. आपली शिवण धरेल ना, पाण्यातून जाईल ना, चर बुजवला असेल का, पोरीला ती फेरी टिकवता येईल का, की आपल्या एका खुळेपणाने तिच्या तोंडाशी आलेला घास जाईल, हेच डोक्यात. इतकी माणसं आपल्याकडे गाडी सोपवून निवांत जातात ती कशी जातात, याचं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नवल वाटलं.

दुपारी फोन वाजला. काका गाडीखालून इतक्या घाईने निघाले की कपाळ सायलेन्सरला आपटलं.

"बाबा," लेक म्हणाली. मागे कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता. "त्या चरापाशी अजून तसंच आहे. घासली गाडी."

"मग?"

"पुढची क्लिप तुटली. दोन तुटल्या. कव्हर पुढून सुटलं."

"आणि फाटलं?"

"नाही. नुसतं सुटलं. बाजूला घेतली, वाकले, नव्या लावल्या, हात धुतले. आजोबांकडे वेळेत पोचले, त्यांची पट्टी झाली. ते विचारत होते, केसांत माती कसली. आता पुढच्या घरी निघाले. बाईंचा फोन आला होता, फेरी माझ्याकडेच राहिली म्हणाल्या. बरं, ठेवू?"

"दोन्ही तुटल्या?" काकांनी परत विचारलं. त्यांना ते परत ऐकायचं होतं.

"हो बाबा, दोन्ही. ठेवते."

काका फोन हातात धरून घराकडे निघाले. कपाळावर टेंगूळ, तोंडावर काळं, आणि त्या काळ्यातून दात दिसत होते. अंगणातूनच ओरडले, "तुटल्या! अगं, तुटल्या!"

काकूंनी घाबरून यंत्र थांबवलं. "अगंबाई! काय तुटलं?"

काका उंबऱ्यावर बसले. हसू आवरत नव्हतं, आणि रडूही.

"काही नाही गं," ते म्हणाले. "पोरगी कामाला लागली."